खजुराचे वचन



जुम्म्याच्या नमाजनंतर इमामाजवळ थांबून प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. वारसा, तलाक, जकातीचा हिशेब, बँकेचे व्याज असे ते प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांची उत्तरे आपल्या आदरणीय उलमांनी ग्रंथांतून लिहून ठेवलेली आहेत. गेल्या हिवाळ्यात मात्र एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "मौलाना, पोरगी विचारते आहे, तिची कमाई हलाल आहे का?" मी विचारले, "ती काय करते?" ते म्हणाले, "पुण्यात एका सेंटरमध्ये ऑटिझमच्या मुलांना शिकवते." मी हसून म्हणालो, "मग विचारायचे काय आहे त्यात? अशा मुलांना शिकवण्याची कमाई हलाल नसेल तर आणखी कोणती असेल?" त्यांना ते उत्तर पुरले नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी आपल्या अम्मीबरोबर स्वतःच आली.

तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत सांगतो. "मौलाना, माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला बोलता येत नाही. आनंद झाला किंवा भीती वाटली की तो दोन्ही हात पंखासारखे हलवतो. मला सांगितले गेले आहे की त्याने हात खाली ठेवले तरच वेफरचा तुकडा द्यायचा, नाही तर तुकडा मागे घ्यायचा. तो रडतो. रडला तर त्याच्याकडे बघायचे नाही, असाही नियम आहे. आता तो हात खाली ठेवायला शिकला. त्याचे आईवडील खूश आहेत, आमच्या मॅडमही खूश आहेत. पण हल्ली तो आला की माझ्या तोंडाकडे बघत नाही, माझ्या हाताकडे बघतो. मी त्याला शिकवले की मोडले, हेच मला कळेनासे झाले आहे."

माझे आदल्या दिवशीचे हसणे मला तेव्हा लागले. जो 'नको' म्हणू शकत नाही, त्याला आपल्या मर्जीप्रमाणे बदलण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? आज अनेक सुशिक्षित मुस्लिम मुली, आणि काही मुलगेही, या व्यवसायाकडे वळत आहेत. अनेक घरांतून अशी मुले या शिक्षकांसमोर बसत आहेत. म्हणून हा प्रश्न एका मुलीचा राहत नाही. तो आपल्या सर्वांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

हे काम नेमके काय आहे?

ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात, तो ताप-खोकल्यासारखा आजार नाही. मुलाच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. कोणी उशिरा बोलते, कोणी मुळीच बोलत नाही, कोणी बोलते पण दुसऱ्याच्या बोलण्याचा रोख त्याला उमगत नाही. आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श काहींना असह्य होतो. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही अवस्था त्या नावाने वैद्यकशास्त्रात ओळखली जाऊ लागली. पुढे काही काळ, आईच्या मायेत ओलावा कमी असल्यामुळे मूल असे होते, असा समज पाश्चात्त्य तज्ज्ञांतही पसरला होता. तो खोटा ठरला. आपल्याकडे आईला दोष देणारी सासू आणि जिन्नाचे नाव घेऊन हजारो रुपये उकळणारा आमिल हे त्याच खोट्या समजाचे भाऊबंद आहेत. दुआ अवश्य करावी, परंतु दुआच्या नावाखाली मुलाची शिकण्याची वर्षे वाया घालवू नयेत.

अशा मुलांना शिकवण्याची एक पद्धत म्हणजे 'अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस', थोडक्यात एबीए. मराठीत तिला उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणता येईल. कोणतेही वागणे घडण्याआधी काय झाले आणि घडल्यानंतर काय मिळाले, याची बारकाईने नोंद करायची, हा तिचा पाया आहे. ज्या वागण्यानंतर आवडीची गोष्ट मिळते, ते वागणे पुन्हा घडते. याला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. शिकवायच्या कामाचे लहान लहान टप्पे पाडले जातात. हात धुणे शिकवायचे तर नळ उघडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे असे एकेक पाऊल घ्यायचे. आधी हात धरून करून घ्यायचे, मग नुसता इशारा द्यायचा, मग तोही काढून घ्यायचा. जमले की लगेच शाबासकी किंवा आवडीची वस्तू द्यायची. ज्याने लहान मुलाला वुझू शिकवला आहे, त्याला ही रीत अनोळखी वाटणार नाही.

या मार्गाने अनेक मुले शौचालय वापरायला, घास हाताने खायला, रस्त्यावर न धावायला शिकली आहेत. ज्या घरात आठ वर्षांचे मूल स्वतःचे डोके भिंतीवर आपटते, त्या घराला या विद्येची किंमत विचारा. पोटात दुखते हे सांगता न आल्यामुळे रात्रभर ओरडणारे मूल एक दिवस पोटावर हात ठेवून दाखवते, त्या दिवशी त्याच्या आईच्या डोळ्यांतून जे पाणी येते ते मी पाहिले आहे. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते ही विद्या फेकून द्या असे सांगण्यासाठी लिहीत नाही.

बक्षीस देऊन शिकवणे कमीपणाचे आहे का?

त्या मुलीला वाटणारी पहिली शंका अशी होती की खाऊ दाखवून माणसाच्या लेकराला शिकवणे म्हणजे त्याला जनावरासारखे वागवणे नव्हे काय? ही शंका अगदीच निराधार नाही. प्रबलनाचे नियम बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत उंदीर आणि कबुतरांवरच तपासले होते.

परंतु इस्लामने बक्षिसाला तुच्छ मानलेले नाही. खुद्द सर्वशक्तिमान अल्लाहने आपल्या दासांना सत्कर्मावर जन्नतची शुभवार्ता दिली आहे. इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये मुलांच्या संगोपनावर स्वतंत्र विवेचन केले आहे. मूल ही आईवडिलांकडे सोपवलेली अमानत आहे, असे सांगून ते बजावतात की मुलाच्या हातून चांगले काही घडले तर त्याचा सन्मान करावा, त्याला आनंद होईल असे काही द्यावे, लोकांसमोर त्याची प्रशंसा करावी. आणि एखादी चूक एकदा घडली तर तिच्याकडे दुर्लक्ष करावे, त्याचा पडदा फाडू नये. प्रयोगशाळेतील कबुतरांच्या आठ शतके आधी आपल्या एका बुजुर्गाने हे लिहून ठेवले आहे. सक्तीविषयी इब्न खल्दून (रह.) यांनी 'मुकद्दिमा'त इशारा दिला आहे की कठोरपणे शिकवलेल्या मुलाचा उत्साह मरतो आणि तो मार टाळण्यासाठी खोटेपणा शिकतो.

तेव्हा बक्षीस देणे गैर नाही. ते कोणत्या सचोटीने दिले जाते, यावर सारे अवलंबून आहे. या संदर्भात अबू दाऊदच्या हदीससंग्रहातील एक प्रसंग प्रत्येक आईने आणि प्रत्येक शिक्षिकेने मनावर कोरून ठेवावा असा आहे. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान होते. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी बसलेले असताना आईने त्यांना हाक मारली की इकडे ये, तुला काही देते. प्रेषितांनी (स.) आईला विचारले की तू त्याला काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. प्रेषित (स.) म्हणाले की तू काही दिले नसतेस, तर तुझ्या नावावर एक असत्य लिहिले गेले असते.

विचार करा, वाचकहो. मूल लहान, वस्तू एक खजूर. तरीही ते वचन अल्लाहच्या दरबारी वचनच आहे. आता एखादी शिक्षिका मुलाला चेंडू दाखवते, तो सांगितलेले काम करतो, आणि ती म्हणते, "अजून एकदा कर, मग देते." तो पुन्हा करतो. "आता शेवटचे." ज्याला बोलता येत नाही, तो कोणाकडे तक्रार करणार? या कामाचा पहिला नियम त्या एका खजुरात आला आहे: कबूल केलेले दिलेच पाहिजे आणि लगेच दिले पाहिजे. मजुराची मजुरी घाम सुकण्याआधी द्यावी, ही शिकवण मोठ्या माणसाच्या मजुरीपुरतीच आहे असे मानण्याचे कारण नाही.

दुसराही एक नियम यातून निघतो. बक्षीस हे हक्काच्या वरचे असावे. आईने देऊ केलेला खजूर ही वरकड भेट होती. त्या मुलाचे जेवण ती अडवून धरत नव्हती. भुकेल्या मुलाचे जेवण, पाणी, शौचाला जाण्याची मुभा, घाबरल्यावर आईची कूस, हे त्याचे हक्क आहेत. ते ओलीस ठेवून काम करून घेणे हा जुलूम आहे. जुलूम या शब्दाचा अर्थच आपल्या भाषाविदांनी 'वस्तू तिच्या जागेवरून हलवून भलत्या जागी ठेवणे' असा सांगितला आहे. हक्क बक्षिसाच्या जागी ठेवला की जुलूम झाला.

माणूस घडवायचा की माणसाला शिकवायचे?

आता या विद्येच्या इतिहासातील एक कडू पान उघडणे भाग आहे, कारण त्या मुलीच्या मनातील खरा काटा तिथे आहे. ऑटिझमच्या मुलांसाठी ही पद्धत ज्यांनी सर्वाधिक प्रसिद्ध केली, ते ओले इव्हार लोव्हास हे नॉर्वेत जन्मलेले आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणारे मानसशास्त्रज्ञ होते. १९८७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तासांहून अधिक शिकवणी देण्यात आली आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत इतरांप्रमाणे शिकू लागली, असे त्यांनी नोंदवले. या निष्कर्षामुळे जगभरातील आईवडिलांना आशा मिळाली. परंतु त्याच शिकवणीत मोठ्याने दरडावणे आणि मांडीवर चापट मारणे यांचाही वापर होता. त्याआधी, १९६५ साली, पाच वर्षांच्या जुळ्या भावंडांना विजेचे झटके देऊन वळण लावण्याचा प्रयोग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला होता.

एक विद्वान माणूस इथवर कसा पोहोचला असेल? उत्तर त्यांच्याच एका मुलाखतीत आहे. १९७४ साली मानसशास्त्राच्या एका मासिकाशी बोलताना त्यांनी या आशयाचे विधान केले की अशा मुलाला केस, नाक, तोंड असते, शरीराने तो माणूस असतो, मात्र मानसशास्त्राच्या अर्थाने तो अजून माणूस नसतो. माणूस आपल्याला उभारावा लागतो.

माझ्या मते चूक चापटीत सुरू झाली नाही, ती या विचारात सुरू झाली. समोर माणूस नाहीच, असे एकदा मानले की त्याचे रडणे हा नोंदवहीतील आकडा होतो. आपली श्रद्धा याच्या नेमकी उलट आहे. पवित्र कुरआनच्या सूरह तीनमध्ये अल्लाहने मनुष्याला सर्वोत्तम घडणीत निर्माण केल्याची घोषणा केली आहे आणि त्यात बोलणारे, चटकन शिकणारे, डोळ्याला डोळा भिडवणारे एवढेच मोजलेले नाहीत. प्रत्येक बालक फितरतवर जन्मते. बालकाच्या आणि ज्याची बुद्धी काम करत नाही त्याच्या कृत्यांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, हे हदीसने स्पष्ट केले आहे. म्हणजे ज्या लेकराला जग 'अपूर्ण' म्हणते, ते अल्लाहच्या दरबारी आपल्यापेक्षा हलके ओझे घेऊन उभे राहील. कदाचित त्याचा हिशेब होणारच नाही. त्याच्या शिक्षकाचा मात्र होईल.

प्रेषितांची (स.) वागणूक पाहा. हजरत अनस (रजि.) सांगतात की मदीनेत एक स्त्री होती, तिच्या बुद्धीत काही बिघाड होता. ती प्रेषितांना (स.) म्हणाली की मला आपल्याकडे काम आहे. प्रेषितांनी (स.) तिला आदराने तिच्या मुलाच्या नावाने हाक मारली आणि सांगितले की तुला हवी ती गल्ली निवड, मी येतो. मग रस्त्याच्या कडेला ते तिच्याजवळ तोवर उभे राहिले, जोवर तिचे बोलणे संपले नाही. मदीनेच्या राज्याचा प्रमुख एका अशा स्त्रीला, जिचे म्हणणे कोणी मनावर घेत नसेल, जागा निवडू देतो. शिकवणाऱ्याने मुलापुढे बसण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा. माणूस आधीच तिथे आहे. अल्लाहने तो घडवून पाठवला आहे. आपल्याकडे फक्त शिकवण्याचे काम दिलेले आहे.

'नको' हेही बोलणे आहे

मग शिकवायचे काय? १९६८ साली या विद्येची पायाभरणी करणारा जो निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात 'उपयोजित' या शब्दाचा अर्थ असा सांगितला होता की बदलण्यासाठी निवडलेले वागणे माणसासाठी आणि समाजासाठी महत्त्वाचे असले पाहिजे. कसोटी चांगली आहे. प्रश्न एवढाच की महत्त्वाचे कोणासाठी?

त्या चार वर्षांच्या मुलाचे हात हलवणे कोणाला इजा करत होते? त्याला नाही, दुसऱ्याला नाही. ते हात त्याचा आनंद आणि भीती सांगत होते. ते बंद केल्याने त्याची भीती गेली नाही; ती सांगण्याची वाट गेली. परदेशात अशी शिकवणी घेऊन मोठी झालेली अनेक स्वमग्न माणसे आज लिहितात की आम्हाला शांत दिसायला शिकवले, शांत व्हायला कोणी शिकवले नाही. त्यांचे म्हणणे कानाआड करता येणार नाही. याउलट, स्वतःचे डोके आपटणे थांबवणे, रस्त्यावरून हात धरून चालणे, भूक लागल्याचे सांगणे हे त्या मुलाच्या स्वतःच्या भल्याचे आहे. मुलाच्या भल्यासाठी शिकवणे ही तरबियत आहे. लोकांनी आपल्याकडे वळून पाहू नये म्हणून शिकवणे ही आपल्या लाजेची सोय आहे, आणि तिची किंमत ते मूल मोजते.

माझ्या अल्पमतीप्रमाणे अशा मुलाला सर्वांत आधी मागणे आणि नाकारणे शिकवले पाहिजे. तोंडाने जमत नसेल तर हाताने, हाताने जमत नसेल तर चित्राच्या कार्डाने. 'हवे', 'नको', 'पुरे', 'दुखते', 'आई' ही पाच कार्डे पन्नास रंगांची नावे पाठ करण्यापेक्षा मोलाची आहेत. कोणाला वाटेल, खुणेला बोलण्याची सर कशी येईल? सूरह मरयममध्ये हजरत झकरिया (अलै.) यांची वाचा तीन रात्री थांबली, तेव्हा त्यांनी आपल्या लोकांना खुणेनेच अल्लाहच्या गुणगानाचा संदेश दिला. आपल्या फिकहशास्त्राचे तर एक सर्वमान्य सूत्र आहे की मुक्या माणसाची ठरलेली खूण तोंडी विधानासारखीच धरली जाते. उस्मानी काळातील 'मजल्ला' या कायदेसंग्रहाने ते कलम म्हणून नोंदवले. ज्या शरीअतने मुक्याच्या खुणेवर खरेदी-विक्री आणि निकाह मान्य केला, तिच्या अनुयायाने मुलाने मान फिरवून दिलेला नकार ऐकू आला नाही असे म्हणू नये.

आणखी एक गोष्ट आईवडिलांनी ध्यानात घ्यावी. ज्या मुलाला प्रत्येक मोठ्या माणसाचे निमूट ऐकायला शिकवले जाते, ते उद्या एखाद्या दुष्टाचेही निमूट ऐकेल. 'नको' हे त्याच्याजवळचे एकमेव शस्त्र आहे. ते आपणच काढून घेतले, तर त्याच्या रक्षणासाठी आपण आयुष्यभर पुरणार आहोत काय?

काही वडील येथे सात आणि दहा वर्षांच्या मुलाच्या नमाजविषयीची हदीस पुढे करून सक्तीचे समर्थन करतात. त्यांना माझी विनंती आहे की ती आज्ञा समज असलेल्या मुलासाठी आहे. फुकहांनी त्यातही इजा होईल असा मार निषिद्ध ठरवला आहे. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हेच ज्याला कळलेले नाही, त्याला मारणे शिस्त ठरत नाही. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, हे सूरह बकराच्या अखेरच्या आयतीत आपण वाचतोच.

या कमाईचे हलाल आणि हराम

त्या मुलीला मी दिलेले उत्तर असे होते. तुझी कमाई मूलतः हलाल आहे, किंबहुना नियत शुद्ध असेल तर ती इबादत आहे. परंतु तुझ्या हातात जी अमानत आहे, तिचे मालक तीन आहेत: अल्लाह, मूल आणि त्याचे आईवडील. पगार आईवडिलांच्या पैशातून येतो म्हणून फक्त त्यांनाच खूश ठेवशील, तर मधल्या मालकाची खियानत होईल.

नोंदवहीत खोटा आकडा लिहू नकोस. केंद्राची फी चालू राहावी म्हणून प्रगती फुगवून दाखवणे ही फसवणूक आहे. 'मूल पूर्ण बरे करू' असे वचन देणाऱ्यांबरोबर काम करू नकोस, कारण असे वचन कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. मुलाच्या घरातील गुपिते बाहेर नेऊ नकोस. शिकून काम कर. चार व्हिडिओ पाहून या कामाला हात घालणे म्हणजे वैद्यकी न शिकता औषध देणे आहे, आणि तशा माणसाला झालेल्या हानीस जबाबदार धरावे, ही हदीसची शिकवण आहे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली असून तिच्या मान्यतेचे विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. अमेरिकेतील ज्या मंडळाचे प्रमाणपत्र या क्षेत्रात प्रतिष्ठेचे मानले जाते, त्याचा मार्ग भारतात राहणाऱ्या नव्या उमेदवारांसाठी २०२३ पासून बंद आहे. त्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे.

आणि शेवटी, तो रडतो तेव्हा त्याच्याकडे बघ. रडून त्याने काही उकळू नये ही तुमच्या विद्येची काळजी मी समजू शकतो. मागितलेली वस्तू देऊ नकोस, पण नजर काढून घेऊ नकोस. प्रेषित (स.) नमाज पढवत असताना मागे एखादे मूल रडले तर त्याच्या आईची घालमेल जाणून नमाज आटोपती घेत. रडणे ऐकू येऊनही न ऐकल्यासारखे करणे त्यांची सुन्नत नव्हती.

तिने केंद्रात जाऊन हे बोलून दाखवले. नोकरी जाईल की काय अशी भीती तिला होती. मॅडमनी ऐकून घेतले आणि त्या एका मुलापुरते मान्य केले. हात खाली ठेवण्याचा धडा बंद झाला, 'पुरे'चे कार्ड आले. पहिल्या दिवशी त्याने ते कार्ड अकरा वेळा पुढे केले आणि ती अकरा वेळा थांबली. तिला वाटले, आता हा कधीच काही शिकणार नाही. काही आठवड्यांनी तिने कळवले की कार्ड दिवसातून दोन-तीनदाच येते, आणि मधल्या वेळात तो तिच्या हाताऐवजी कधी कधी चेहऱ्याकडे बघतो. इतर मुलांचे धडे त्या केंद्रात पूर्वीप्रमाणेच चालू आहेत. ती अजून बोलत राहते.

आणि आपण?

येथे लेख संपवता आला असता, पण मग मी माझा हिशेब लपवला असे होईल. काही वर्षांपूर्वी मी ज्या मशिदीत इमामत करत होतो, तेथे एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन येत. मुलगा नमाज सुरू झाली की कानांवर हात ठेवून मोठ्याने हुंकार काढे, कधी सफीतून पळे. लोकांनी तक्रार केली. मी त्या वडिलांना बाजूला घेऊन, फार गोड शब्दांत, सांगितले की मुलाला घरी ठेवलेत तर बरे होईल. ते मान हलवून गेले. त्यानंतर मुलगा आला नाही, आणि मुलाला सांभाळायला घरी दुसरे कोणी नसल्याने वडीलही आले नाहीत.

वर्तनाच्या या विद्येचा पहिला धडा असा आहे की वागण्याआधी काय घडले ते पाहा. त्या मुलीशी बोलल्यानंतर मला प्रथमच सुचले की तो मुलगा ज्या ठिकाणी बसे, तिथे त्याच्या डोक्याच्या वरच लाउडस्पीकर होता. तकबीर झाली की तो कान झाकत असे. त्याचे म्हणणे तो अगदी स्पष्ट सांगत होता. न समजणारा मी होतो. मशिदीत लघवी करू लागलेल्या बदूला प्रेषितांनी (स.) मध्येच रोखू दिले नाही, नंतर तिथे पाण्याची बादली ओतवली आणि त्याला मृदू शब्दांत समजावले, ही हदीस मी कितीदा बयानात सांगितली असेल. एका हुंकारापुढे मी ती विसरलो.

मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मौलाना, सवय झाली आहे." हे वाक्य मला कोणत्याही शिव्यांपेक्षा जड गेले. ते अद्याप त्या मशिदीत येत नाहीत.

म्हणून शिक्षिकेकडून मी जी अपेक्षा केली, तीच समाजाकडून करतो. आपण मुलाला आठवड्याचे किती तास बदलायला लावतो आणि आपण स्वतः किती बदलतो? मशिदीत एक कोपरा स्पीकरपासून दूर ठेवता येईल. लग्नाच्या दावतीत अशा मुलाच्या आईला पंधरा सल्ले देण्याऐवजी अर्धा तास तिचे मूल सांभाळता येईल. शिकवणीची फी न परवडणाऱ्या गरजू पालकाला जकातीतून मदत करता येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. त्याचे प्रमाणपत्र काढायला एखाद्या अशिक्षित बापाबरोबर सरकारी रुग्णालयात जाता येईल.

एका लहान मुलाला कबूल केलेल्या खजुराचाही हिशेब ज्या दरबारात होतो, त्या दरबारात आपल्याला उभे राहायचे आहे. ज्या लेकरांना येथे बोलता आले नाही, त्यांना तेथे वाचा दिली जाईल. त्यांनी आपल्याविषयी काय सांगावे, हे ठरवण्याची संधी आज आपल्या हातात आहे.

हे अल्लाह, तू आमच्या स्वाधीन केलेल्या या अमानतींशी आम्हाला प्रामाणिक ठेव. त्यांच्या मातांचा धीर वाढव, त्यांच्या शिक्षकांच्या हातांत नरमाई दे आणि आमचे कान त्यांच्या अबोल बोलण्यासाठी उघड. आमीन.